समज, मुचलका व गुन्हेगारी

मरोळ नाक्यावरून अंधेरी-कुर्ला रस्त्यानें जाणाऱ्या वाहनचालकास वाहतुकीच्या शिपायानें अडविलें म्हणजे बहुधा दोहोंपैकीं एक गोष्ट होते. एक तर त्याच्या नांवें दंड लागतो, लोकांच्या भाषेंत त्याची 'पावती फाडली जाते'. नाहींतर 'समज देऊन' त्यास सोडण्यांत येतें. याच मरोळांत मुंबई पोलिसांचें प्रशिक्षण केंद्र आहे. तेथें शिकून निघालेल्या शिपायाच्या हातीं कायद्याचीं कलमें असतात. परंतु कोणास दंड करावा व कोणास नुसती समज द्यावी, हें मोटार वाहन कायद्याच्या कलमांत लिहिलेलें नाहीं. तो निर्णय रस्त्यावर, क्षणार्धांत होतो. त्याचा इतिहास मात्र बराच मागें जातो, आणि तो शोधूं लागलें असतां कागदांचीच एक अडचण पुढें येते. ती संग्राहकांपुढें मांडावी एवढाच या टिपणाचा हेतु आहे.

प्रथम शब्द पाहूं. आज 'गुन्हेगारी' म्हटली म्हणजे गुन्हे करण्याची वृत्ति असा अर्थ होतो. मराठेशाहीच्या कागदांत 'गुन्हेगारी घेतली' म्हणजे दंड घेतला. वादांत जिंकणारा हरकी देई व हरणारा गुन्हेगारी देई. दोन्ही रकमा सरकारांत जमा होत. 'ताकीद' आणि 'तंबी' हे दोन्ही शब्द मूळचे अरबी. पहिल्यांत आज्ञा दृढ करण्याचा भाव आहे, दुसऱ्यांत जागें करण्याचा. ताकीदपत्रें आपल्या दप्तरांत विपुल आहेत, परंतु तीं बहुतेक अंमलदारांस लिहिलेलीं. वाटेंत अडविलेल्या माणसास तोंडीं दिलेल्या ताकिदीचा कागद कोण करणार? या दोहोंच्या मध्यें मुचलका येतो. पुन्हां असें वर्तणार नाहीं, वर्तल्यास दिवाणचा गुन्हेगार होईन, अशा आशयाचा हा लेख म्हणजे कागदावर उतरलेली समजच होय.

रस्त्यावरील अपराधाचें पेशवाईंतील उत्तम उदाहरण म्हणजे पुण्यांतील रात्रीची तोफ. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरींत असलेल्या विल्यम हेन्री टोन यानें ही व्यवस्था वर्णिली आहे. तोफ झाल्यावर जो कोणी रस्त्यावर सांपडे त्यास गस्तवाले धरून चौकींत ठेवीत व सकाळीं कोतवाल त्यास निरोप देई. खुद्द पेशव्यांसहि अवेळीं फिरतांना सांपडल्यामुळें एक रात्र अडकून पडावें लागलें होतें, असें तो सांगतो. ही गोष्ट घडलीच असेल असें आम्ही छातीठोकपणें म्हणत नाहीं. लोकांत ती सांगितली जात होती, एवढेंहि पुरेसें बोलकें आहे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, अडविणाऱ्यास सोडण्याचा अधिकार नव्हता. माणूस पाहून सोडणें अगर न सोडणें हें सकाळीं दुसऱ्याच्या हातीं होतें. दंड करतांना अपराध्याची ऐपत पाहण्याची रीत होती, हें डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवरील १९२३ च्या ग्रंथांत दाखविलें आहे.

परंतु अधिकार एकवटला म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें एका वर्षाच्या अंतरानें घडलीं. मुंबईचा पोलीस अधिकारी जेम्स टॉड १७९० मध्यें लांचलुचपतीच्या आरोपावरून पदच्युत झाला. ऑगस्ट १७९१ मध्यें पुण्यांत घाशीराम कोतवालानें कोंडलेल्या तेलंग ब्राह्मणांपैकीं कित्येक गुदमरून मेले, व खवळलेल्या जमावानें घाशीरामाचा प्राण घेतला. दोघांची तुलना ताणूं नये. एकाचा दोष पैशाचा होता, दुसऱ्याचा निर्दयतेचा. तथापि कोणास धरावें व कोणास सोडावें, हें विचारणारा दोघांच्याहि डोक्यावर वेळेवर कोणी नव्हता.

मुंबईंत हा प्रश्न सर जेम्स मॅकिंटॉश या रेकॉर्डरनें उपस्थित केला. पोलीस सुपरिंटेंडेंट स्वतःच पकडी, स्वतःच शिक्षा देई, व त्यास कायद्याचा आधार नाहीं, हा त्याचा आक्षेप होता. त्याच्या मसुद्यावरून १८१२ चा पहिला रेग्युलेशन झाला. पुढें कायद्यांची घडण होत गेली तसतशी शिक्षा न्यायासनाकडे स्थिरावली, आणि पोलिसाच्या हातीं एकच निवड उरली: पाठवावें कीं न पाठवावें. 'चलान' या शब्दाचा अर्थ हाच आहे. चलान म्हणजे रवानगी व तिच्याबरोबरची यादी, मग ती खजिन्यांत जाणाऱ्या पैशाची असो वा कचेरींत जाणाऱ्या कैद्याची. पैसे भरतांना आपण लिहितों तें 'चलन' याच घराण्यांतलें.

मरोळ त्या काळीं मुंबईच्या हद्दींत नव्हतें. साष्टी बेट १७३७ पासून मराठ्यांकडे होतें, १७७४ च्या अखेरीस तें इंग्रजांनीं घेतलें, व मरोळचा कारभार ठाण्याकडे राहिला. १९२० मध्यें उपनगर जिल्हा निराळा झाला. शहराचा १९०२ चा पोलीस कायदा आणि जिल्ह्यांचा १८९० चा, हे दोन्ही १९५१ च्या कायद्यानें एकत्र केले.

मोटारींकरितां १९१४ व १९३९ चे कायदे झाले. १९३९ च्या कायद्यानें गुन्हा कबूल करून रक्कम टपालानें पाठविण्याची सोय दिली, तरी ती रक्कम न्यायालयाकडेच जाई. १९८८ च्या कायद्याचें २०० वें कलम आलें आणि सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्यास जागच्याजागीं रक्कम घेऊन प्रकरण मिटवितां येऊं लागलें. मराठींत या रकमेस 'तडजोड शुल्क' म्हणतात. १८१२ मध्यें पोलिसाच्या हातून काढलेला दंड अशा रीतीनें नाक्यावर परत आला. सामान्य अपराधाचा शंभर रुपयांचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनें पांचशें झाला. दंड वाढला म्हणजे सोडून देण्याचेंहि मोल वाढतें, हें टॉडच्या चौकशीचे वाचक जाणतात. २०१६ पासून मुंबईंत कॅमेऱ्यावरून ई-चलान सुरू झालें. कॅमेऱ्याशीं कोणास घासाघीस करतां येत नाहीं, पण त्यास समजहि देतां येत नाहीं. गाडींत आजारी माणूस आहे कीं दारूबाज, हें तो विचारीत नाहीं.

आतां मूळ अडचण. गुन्हेगारी जमेस पडते म्हणून तिची नोंद होते. समज कोठेंच जमा होत नाहीं. यामुळें जुन्या अंमलाचे हिशेब वाचणारास तो होता त्याहून अधिक दंडखोर दिसतो. आमच्या समजुतीप्रमाणें कोतवालीवरील पुष्कळ कठोर मतें या एकांगी पुराव्यावर उभीं आहेत. आजच्या शिपायाबद्दलहि पुढील काळांत हेंच होणार: ई-चलानांचे आंकडे राहतील, सोडलेल्यांचा पत्ता नसेल. म्हणून ज्यांच्या घराण्यांत कोतवालीचे, चौकीचे वा जकातनाक्याचे कागद असतील त्यांनी गुन्हेगारीच्या याद्यांबरोबर सुटे मुचलकेहि राखावेत. तारीख फाटलेली असली तरी चालेल. कागदी पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींकडेहि आतांच लक्ष द्यावें. त्यांच्या पाठीवर शिपायानें पेन्सिलीनें कांहीं खरडलें असेल, तर छापील बाजूपेक्षां तीच बाजू आधीं उतरून घ्यावी.