पहिला गडी

अमेरिकेत आलो तेव्हा इथला फुटबॉल पायाने कमी आणि हाताने जास्त का खेळतात, हेच मला उमगत नव्हते. मुलांच्या नादाने रविवारी टीव्हीसमोर बसू लागलो आणि हळूहळू खेळ कळला. त्याचा इतिहास मात्र पुष्कळ नंतर वाचला. त्यात भेटलेल्या एका गड्याची ही ओळख.

फ्रिट्झ पोलार्डचा जन्म १८९४ साली शिकागोत, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. उंची पाच फूट नऊ इंच, वजन १६५ पौंडांच्या आसपास. तो हाफबॅक होता. म्हणजे चेंडू बगलेत मारून समोरच्या फळीतून वाट काढत पळणारा गडी. हुतुतूत चढाई करणारा हुलकावणी देऊन निसटतो ना, तसाच. ब्राऊन विद्यापीठातर्फे १ जानेवारी १९१६ रोजी तो रोझ बोलमध्ये खेळला. तिथे खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय.

१९२० मध्ये ओहायोतील कँटन गावी व्यावसायिक संघांची संघटना स्थापन झाली. तीच आजची एनएफएल. पहिल्याच मोसमात पोलार्डचा ॲक्रन प्रोज संघ एकही सामना न हरता विजेता ठरला. पुढच्या वर्षी, खेळत असतानाच, प्रशिक्षकपदाची धुराही त्याच्याकडे आली. पण त्याच ॲक्रनमध्ये, त्यानेच पुढे सांगितल्याप्रमाणे, त्याला संघमालकाच्या सिगारच्या कारखान्यात कपडे बदलावे लागत. प्रेक्षक शिव्या घालत. खाली पडला की प्रतिस्पर्धी मुद्दाम अंगावर उड्या टाकत, म्हणून तो चटकन उताणा होऊन बुटांचे खिळे वर करी.

१९२६ नंतर तो लीगमधून बाहेर पडला. १९३३ च्या मोसमात दोनच कृष्णवर्णीय खेळाडू उरले होते, आणि १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एकही नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता. बंदी असल्याचे मालकांनी कधी कबूलही केले नाही. १९४६ साली रॅम्स संघ लॉस एंजेलिसला आला. तिथले कोलिझियम सार्वजनिक मालकीचे. मग सर्वांना संधी का नाही, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला, आणि केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड संघात आले.

प्रशिक्षकपदासाठी तर १९८९ उजाडावे लागले. त्या वर्षी आर्ट शेल रेडर्सचा प्रशिक्षक झाला, तेव्हा बऱ्याच जणांनी त्यालाच 'पहिला' म्हटले. खरा पहिला ६८ वर्षांपूर्वी होऊन गेला होता. हा दिवस बघायला तो हयात नव्हता. १९८६ साली, ९२ व्या वर्षी तो वारला. हॉल ऑफ फेममध्ये त्याला स्थान मिळाले ते २००५ मध्ये.

आपल्यापैकी कितीतरी जण इथे कुठे ना कुठे 'पहिले भारतीय' ठरले आहेत. त्याचे पेढेही आपण वाटले. पोलार्डची हकिकत वाचल्यापासून तो शब्द मी जरा जपून वापरतो. पहिला आत गेला म्हणून दार उघडे राहतेच असे नाही. त्याच्या पाठोपाठ दुसरा, तिसरा जावा लागतो. आणि पहिल्याचे नाव कोणीतरी लिहून ठेवावे लागते.