हौदा, फाळका आणि चार सूत

मार्च उजाडला की रत्नागिरीतल्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. बागेतून पॅकिंगच्या शेडमध्ये, तिथून हातखंबा तिठ्यावर आणि पुढे कशेडी ओलांडून वाशीच्या बाजारात, हापूसच्या पेट्या याच गाड्यांच्या हौद्यातून जातात. आंब्याचा हंगाम संपला की मिरकरवाड्याची मासळी, बांधकामाचे चिरे, भाद्रपद जवळ आला की गणपतीच्या मूर्ती. कोकणातल्या घराच्या अंगणात कधी ना कधी पिकअप लागलेली असतेच. त्यामुळे इथला एखादा हौशी तरुण गाडीची हुबेहूब छोटी प्रतिकृती करायला बसला, की परदेशी स्पोर्ट्स कारपेक्षा त्याचं मन पिकअपकडे ओढ घेतं. आणि ती कंपनीतून निघाली तशी कोरी त्याला नको असते. तिला ताडपत्री हवी, हौद्यावर लोखंडी कठडा हवा, पुढच्या काचेवर देवाचं नाव हवं, आरशाला लिंबू-मिरची हवी, फाळक्याला साखळी हवी.

सजवलेल्या, वाढवलेल्या, मालकाच्या मर्जीने बदललेल्या या वीतभर गाडीचं कूळ शोधायला निघालं, तर दोन घराणी सापडतात. एक अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं. दुसरं अगदी घराजवळचं, सुतारकामाच्या शेडमधलं. पहिल्याची नोंद पुस्तकांत झाली. दुसऱ्याची फारशी कुणी ठेवली नाही, आणि रत्नागिरीच्या पिकअपचा खरा वारसा तोच आहे.

आधी खऱ्या गाडीचं. फोर्ड कंपनीने १५ एप्रिल १९२५ रोजी मॉडेल टी गाडी मागे तयार हौदा बसवून विकायला काढली. किंमत २८१ डॉलर. कारखान्यातूनच हौद्यासह बाहेर पडणाऱ्या पिकअपची सुरुवात सहसा इथून मोजतात. त्याआधी अमेरिकेतला शेतकरी मोटार घ्यायचा, तिचा मागचा भाग काढायचा आणि गावच्या सुताराकडून किंवा लोहाराकडून हौदा बांधून घ्यायचा. म्हणजे पिकअप जन्मालाच आली ती कुणीतरी आपल्या सोयीने बदललेली गाडी म्हणून. मालकाच्या मनासारखी गाडी ही नंतरची चैन नव्हे, सुरुवातच तिथे आहे.

छोट्या प्रतिकृतींची गोष्ट व्यापारातून निघाली. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन मोटार कंपन्या आपल्या विक्रेत्यांकडे नव्या गाड्यांच्या १:२५ प्रमाणातल्या प्रतिकृती पाठवू लागल्या. गाडी कशी दिसते, कोणत्या रंगात येते, हे गिऱ्हाइकाला टेबलावर दाखवायचं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या मुलाच्या हातात ती द्यायची. अशा प्रतिकृती करणाऱ्यांत एएमटी ही मिशिगनमधली कंपनी पुढे होती. १९५८ सालच्या गाड्यांसाठी तिने एक युक्ती केली. तयार प्रतिकृतीऐवजी सुट्या भागांचा डबा विकायला काढला आणि त्याच डब्यात तीन तऱ्हांचे भाग घातले. गाडी कंपनीसारखी जुळवा, शर्यतीची करा, नाहीतर आपल्या मनासारखी बदला. मुलांनी तिसरी वाट अशी उचलली की बदल करणं हाच छंदाचा गाभा झाला. एका डब्यातलं इंजिन दुसऱ्या गाडीत, तिसऱ्या डब्यातली चाकं चौथीला.

त्या काळात एक पिकअप अशी निघाली की तिच्याकडे थोडं थांबून पाहायला हवं. डेट्रॉइटमध्ये माइक आणि लॅरी अलेक्झांडर हे दोघे भाऊ गाड्या बदलून देण्याचं गॅरेज चालवत. त्यांनी डॉजची ए-१०० ही चपट्या तोंडाची पिकअप घेतली. रचना हॅरी ब्रॅडली या तरुण आरेखकाची. भावांनी केबिन कापून खाली आणली, बाजूचे दरवाजे काढूनच टाकले. मग आत जायचं कसं? फोर्डच्या एका स्टेशन वॅगनची मागची काच त्यांनी पुढे बसवली आणि ती वर उचलून चालक समोरून आत शिरेल अशी सोय केली. इंजिन मागे सरकवून हौद्याच्या झाकणाखाली लपवलं. या गाडीचं नाव डिओरा. १९६७ मध्ये डेट्रॉइटच्या ऑटोरामा प्रदर्शनात तिला रिडलर पुरस्कार मिळाला आणि एएमटीने तिचा १:२५ चा डबा काढला. पुढे ब्रॅडली मॅटेल कंपनीत गेला आणि १९६८ साली हॉट व्हील्सच्या ज्या पहिल्या सोळा गाड्या बाजारात आल्या, त्यांत बोटाएवढी डिओरा होती. त्या सोळांत कस्टम फ्लीटसाइड ही आणखी एक बदललेली पिकअपही होती. खेळण्यांच्या दुकानात तेव्हापासून पिकअप म्हटली की ती पुष्कळदा कुणीतरी हात फिरवलेली असायची.

जपानमध्ये हाच धागा वेगळ्या हातांनी पुढे नेला. शिझुओका शहरातली तामिया कंपनी १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या धंद्यातून सुरू झाली. तिथे आधी लाकडी प्रतिकृती झाल्या, प्लॅस्टिक नंतर आलं. १९८१ मध्ये तामियाने टोयोटा हायलक्स पिकअपची १:१० ची, रेडिओवर चालणारी प्रतिकृती काढली. धातूची शिडीसारखी चासी, खरे पाटे, तीन गियरचा डबा. नुसतं दिसणं सारखं असून भागत नाही, खालची रचनाही खऱ्यासारखी हवी, हा आग्रह त्या गाडीने जगभरच्या छंदिष्टांमध्ये रुजवला. लाकूडकामातून आलेल्या माणसांना सांधा कसा बसतो हे आधी पाहायची सवय असते, आणि ती सवय त्या पिकअपमध्ये उघड दिसते.

भारतात हे डबे जवळजवळ येतच नव्हते. आयातीवर बंधनं होती, आलं तरी ते परवडणारं नव्हतं. कलकत्त्यात साठच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनच्या डिंकी कंपनीचे जुने साचे वापरून निकी टॉइज या नावाने धातूच्या गाड्या निघाल्या, पण त्या तयार खेळण्याच्या स्वरूपात. जुळवायचं, कापायचं, बदलायचं काम त्यांत नव्हतं.

ते काम कोकणात दुसरीकडे चालू होतं. सावंतवाडी आज सिंधुदुर्गात असली, तरी १ मे १९८१ रोजी नवा जिल्हा होईपर्यंत ती रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथल्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या, मऊ लाकडातून फळं, भातुकली, बैलगाड्या निघत आणि पुढे मोटारी आणि ट्रकही निघू लागले. संस्थानी आश्रय गेल्यावर ही कला ओसरली होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून लाखकाम आणि हाताने रंगवलेल्या गंजिफा पत्त्यांची कला पुन्हा उभी केली. चितार आळीतला ट्रक मापाने हुबेहूब नसतो. चाकं जाड, केबिन ठेंगणी, रंग झळाळता. पण लाकूड कसं तासायचं, अस्तराचा हात कसा द्यायचा, वरचा रंग कधी चढवायचा, ही सगळी शिस्त त्यात आहे, आणि आजच्या प्रतिकृतीला नेमकी तीच लागते.

या घरच्या घराण्याची दुसरी शाळा बॉडी बांधणाऱ्यांची. भारतात बरीच वर्षं मालवाहू गाडी म्हणजे चासी आणि फार तर पुढची केबिन विकत मिळायची. हौदा मालकाने बांधून घ्यायचा. पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटेडोर, टेल्कोची १९८६ ची ४०७, १९८८ ची टाटामोबाइल, या गाड्यांच्या पाठीवर गावोगावच्या सुतारांनी, वेल्डरनी आणि पेंटरनी हात चालवले. मासळी न्यायची तर पाणी गळून जायला वाट हवी. आंबा न्यायचा तर हवा खेळायला फटी हव्यात आणि पेट्या घसरू नयेत म्हणून कठडा उंच हवा. चिरे न्यायचे तर तळाच्या फळ्या जाड हव्यात. एकाच चासीवर तीन धंद्यांचे तीन हौदे. एसटीनेही हेच केलं. चासी बाहेरून आणायची आणि बॉडी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधायची. महाराष्ट्रात आज तरुण मुलं पुठ्ठा आणि सनबोर्डमधून लाल एसटीच्या देखण्या प्रतिकृती करतात आणि गणपतीच्या आराशीत एसटी स्टँडच उभा करतात, ती परंपरा या कार्यशाळांच्या फाटकापर्यंत जाऊन पोचते.

ही दोन घराणी एकत्र येतात ती मापात.

जगभर मोटारींच्या प्रतिकृतींसाठी १:२४ हे प्रमाण चालतं. त्यामागचा हिशेब साधा आहे, खऱ्या गाडीच्या एका फुटाला अर्धा इंच. कोकणातला सुतार आजही फूट, इंच आणि सुतात बोलतो, आणि इंचाचे आठ सूत. म्हणजे १:२४ मध्ये एका फुटाचे चार सूत आणि तीन इंचांचा एक सूत. बॉडी बांधणारा म्हणाला की हौदा आठ फुटी आहे, तर प्रतिकृतीत तो चार इंच. फळी तीन इंच रुंद, तर इथे एक सूत. कॅल्क्युलेटर लागत नाही. परदेशी छंदाचं प्रमाण आणि इथल्या सुताराची मोजपट्टी यांची सोयरीक आधीच जुळलेली होती.

टाटा एस, लोकांच्या तोंडचा छोटा हत्ती, हे करायला सगळ्यात सोपं उदाहरण. २००५ च्या मे महिन्यात आलेल्या या गाडीची लांबी ३८०० मिलिमीटर, रुंदी १५००, दोन्ही आसांमधलं अंतर २१००. चोविसाने भागलं की १५८, ६२.५ आणि ८७.५ मिलिमीटर. तळहातावर मावणारी गाडी. आता अडचण येते ती जाडीची. सनबोर्ड म्हणून दुकानात जे मिळतं ते पुष्कळदा पीव्हीसीचं फोमशीट असतं, तीन मिलिमीटर जाडीचं. ते चोविसाने गुणलं तर खऱ्या गाडीत जवळजवळ तीन इंच जाडीचा पत्रा झाला. तसा हौदा लगेच नजरेत खटकतो, मग रंग कितीही सुबक असो. त्यावर उपाय म्हणजे कड आतून उतरती करत नेणं. वरून पाहणाऱ्याला कडच दिसते, म्हणून ती कानशीने घासत घासत अर्ध्या मिलिमीटरवर आणायची आणि शेवटी पाण्याच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करायची. जिथे गाडीचा हौदा लाकडी असतो तिथे मात्र सुटका होते. इंचभर जाडीची फळी या मापात एक मिलिमीटर, आणि तेवढ्या जाडीचा लाकडी पापुद्रा सुताराच्या कपच्यांत फुकट मिळतो.

पीव्हीसी आणि कानस, या दोन्ही वस्तूंशी रत्नागिरीचं नातं जुनं आहे. गोळप-रनपारला फिनोलेक्सच्या कारखान्यात १९९४ पासून पीव्हीसी तयार होतं, त्यासाठी लागणारा कच्चा माल थेट समुद्रातल्या जेटीवर उतरतो. आणि कानशी बनवणाऱ्या जे. के. फाइल्सचे कारखाने रत्नागिरीत आणि चिपळुणात उभे राहिले. प्रतिकृतीचा कच्चा माल आणि तिचं मुख्य हत्यार, दोन्ही बनवायचं काम या जिल्ह्यातल्या हातांनी केलं आहे.

चाकं पीव्हीसी पाइपच्या चकत्यांची होतात. छोट्या हत्तीचा मूळ टायर या मापात साधारण २२ मिलिमीटर भरतो. बाजारात पाइप मिळतो २० किंवा २५ चा. वीसचा घेतला तर गाडी खाली बसल्यासारखी दिसते. पंचवीसचा घेतला तर ती उचललेली, ऐटदार दिसते, पण मग चाकाची कमान कापून मोठी करावी लागते, पाटे वाकवावे लागतात, आस खाली घ्यावा लागतो. एक चाक बदललं की अर्धी गाडी बदलावी लागते. खऱ्या गॅरेजमध्येही नेमकं हेच घडतं, आणि ज्याने हे हाताने केलंय त्याला मिस्त्री नुसती चाकं मोठी करायचे एवढे पैसे का सांगतो हे बरोबर कळतं.

ताडपत्रीचं कापड खरं लावून चालत नाही. त्याची वीण या मापात सुतळीएवढी दिसते. टिश्यू पेपर पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये भिजवून पेट्यांवर पसरला, सुकताना चिमटीने घड्या घातल्या आणि वर मळकट निळा रंग दिला की ती घाटातून उतरून आल्यासारखी वाटते. साखळी नकली दागिन्यांच्या दुकानातली. पेटी दीड फुटी असेल तर इथे सहा सूत.

आता नव्या पिकअप कारखान्यातूनच पत्र्याचा हौदा लेवून येतात. लाकडी हौदा बांधणारे सुतार कमी होत चालले आहेत, आंब्याच्या लाकडी पेटीची जागा पुठ्ठ्याचं खोकं घेतंय, आणि जुन्या मॅटेडोर, टाटामोबाइल एकेक करून भंगारात जाताहेत. कंपनीच्या गाडीची मापं कंपनीकडे राहतील. गावच्या सुताराने बांधलेल्या हौद्याचा नकाशा कधी कागदावर आलाच नव्हता. तेव्हा वाडीत, गोठ्यामागे अशी एखादी गाडी उभी असेल, तर ती उचलून नेण्याआधी तिला एकदा मोजपट्टी लावा. हौद्याची लांबी, फळ्यांची रुंदी, कठड्याची उंची, फाळक्याच्या बिजागऱ्या, पेंटरने काढलेली नक्षी, सगळं वहीत उतरवा, चारही बाजूंनी फोटो काढा, बांधणारा सुतार हयात असेल तर त्याला विचारून त्याचं नावही लिहा. प्रतिकृती करायला कुणीतरी नक्की बसेल, त्याच्या हाताशी मापं तेवढी हवीत.