पुतळे हटवणे (वादग्रस्त सेनानींचे)

सार्वजनिक जागी उभारलेला लष्करी व्यक्तीचा पुतळा लोकांच्या मागणीवरून, सरकारी निर्णयाने किंवा मोडतोडीनंतर काढून दुसरीकडे ठेवणे अथवा नष्ट करणे. भारतात हा प्रश्न आधी इंग्रज आणि पोर्तुगीज सेनानींच्या पुतळ्यांवरून निघाला, पुढे तो आपल्याच इतिहासातील माणसांपर्यंत येऊन ठेपला. मराठी मुलखात पुतळे समूळ फोडले गेले ते थोडे. उचलून आडबाजूला ठेवले गेले ते जास्त. त्यामुळे इथे वाद पुतळ्याचा कमी आणि जागेच्या मानाचा अधिक राहिला आहे.

माळवा : महू (जि. इंदूर) हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचे गाव. तिथली छावणी मराठ्यांच्या पराभवातून जन्मली. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला क्षिप्रेकाठी होळकरांच्या फौजेचा मोड झाला, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि इंग्रजी पलटणींनी महूला मुक्काम ठोकला. महिदपूरच्या चढाईत पुढे असलेला सर जॉन मालकम याने त्याच वर्षी दुसऱ्या बाजीरावाला सालिना आठ लाखांच्या तनख्यावर शरण आणले. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. महाबळेश्वरच्या वसाहतीला मालकम पेठ हे नाव पडले ते त्याच्यावरून. शिल्पकार चँट्री याने घडवलेला त्याचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या जुन्या टाऊन हॉलात, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, जागच्या जागी आहे. होळकर आणि पेशवे या दोघांच्याही पडत्या काळात समोर बसून कागद करून घेणारा हा माणूस. मराठ्यांना राग यावा असे त्याच्या खात्यावर कमी नाही. तरी मुंबईत ज्या पुतळ्यांवर लोक चालून गेले त्यांत तो नव्हता. तो छताखाली आहे, ग्रंथालयाच्या पायऱ्या चढून जाणाऱ्यालाच दिसतो, हे त्याचे साधे कारण असावे. रस्त्यावरच्या पुतळ्याला नमस्कार किंवा निषेध यांपैकी काहीतरी करावे लागते; दालनातल्या पुतळ्याला नुसते पाहता येते.

याच रस्त्याशी जोडलेला दुसरा सेनानी सर ह्यू रोझ. १८५७ च्या अखेरीस तो इंदूर-महूला आला आणि महू व सिहोर इथल्या दोन ब्रिगेडी घेऊन त्याची मध्य भारतातील मोहीम सुरू झाली. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली. त्यानंतर शहरात जी कत्तल आणि लूट झाली ती वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी आत अडकून पाहिली आणि ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवली. गोडसे भटजी उत्तरेकडे निघाले होते ते दानदक्षिणेच्या आशेने. बंडाची बातमी त्यांना महूच्या वाटेवरच लागली. रोझचा अश्वारूढ पुतळा मात्र भारतात नव्हे, लंडनला नाइट्सब्रिजमध्ये १८९५ साली उभा राहिला. भारतात हस्तगत केलेल्या तोफांचा धातू त्यासाठी वापरला होता. १९३१ मध्ये तो हटवला गेला, आणि तोही झाशीची लाज वाटून नव्हे. भुयारी रेल्वेच्या स्थानकाच्या बांधकामात त्याची अडचण झाली. बरीच वर्षे तो गोदामात पडून होता. १९६०च्या दशकात विकला गेला आणि हॅम्पशरमध्ये लिपहूक गावाजवळ पुन्हा उभा झाला. नीतीच्या मोठमोठ्या वादांना जे जमले नाही ते रहदारीने केले.

मुंबई : कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली यांचे पुतळे ही महाराष्ट्रातील सर्वांत बोलकी उदाहरणे. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूरला वारला. त्यानंतर मुंबईच्या युरोपीय रहिवाशांनी त्याचा संगमरवरी पुतळा विलायतेहून घडवून आणला आणि कोटातील मोकळ्या मैदानात, आज जिथे हॉर्निमन सर्कल आहे तिथे, छत्रीखाली बसवला. पुढे झाले ते पुतळा बसवणाऱ्यांच्या स्वप्नातही नव्हते. लोक त्याला हारफुले वाहू लागले, दर्शनाला येऊ लागले. छत्रीखाली बसलेला गोरा दगडी पुरुष म्हणजे देव, अशी समजूत झाली. सरकारने ही पूजा बंद करण्याचा प्रयत्न केला, पण हार येतच राहिले. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये वॉशिंग्टनपुढे शरण गेलेला सेनापती मुंबईत देवपण पावला.

मराठी वाचकाला इथे थोडे अडखळायला हवे. टिपूविरुद्धच्या १७९० ते १७९२ च्या युद्धात कॉर्नवॉलिस पेशव्यांचा मित्र होता. श्रीरंगपट्टणवरच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा त्याच्या शेजारी होत्या आणि तहात जिंकलेल्या मुलखाचा वाटा पुण्याला मिळाला. मराठ्यांचे खरे वाकडे होते ते गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीशी. वसईचा तह त्याच्या कारकिर्दीत झाला आणि २३ सप्टेंबर १८०३ च्या असईच्या लढाईत त्याचा भाऊ आर्थर शिंदे-भोसल्यांवर तुटून पडला. मुंबईतील दुसरा पुतळा या गव्हर्नर जनरलचा. तो स्वतः सैनिक नव्हता, पण युद्ध त्याचे होते. १९६५ मध्ये निदर्शकांनी शहरातील इंग्रजी पुतळ्यांची मोडतोड केली तेव्हा मित्र कोण, शत्रू कोण, हा हिशेब कुणी केला नाही. कॉर्नवॉलिस, वेलस्ली, व्हिक्टोरिया राणी सगळे एकाच रांगेत बसले. राणीच्या पुतळ्यावर तर त्याआधी सुमारे सत्तर वर्षांपूर्वीच चापेकर बंधूंनी डांबर ओतले होते.

महापालिकेने हे पुतळे भायखळ्याला नेले. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ते आज उभे आहेत, अंगावर मोडतोडीच्या खुणा घेऊन. राणीचे नाक तुटलेले आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळचा काळा घोडा, शेजारच्या राणीच्या बागेत गेला. गंमत अशी की स्वाराला हलवून अर्धे शतक झाले तरी चौकाचे नाव घोड्यावरूनच राहिले, आणि २०१७ मध्ये त्या भागात नवा घोडा बसवला तो बिनस्वाराचा. इतक्या समजुतीने मिटलेला वाद दुसरा दाखवता येणार नाही. भायखळ्याच्या पुतळ्यांत उणीव आहे ती पाटीची. पुतळा कुणाचा, कुठून आला, का आणला आणि कुणी फोडला, या चार गोष्टी सविस्तर लिहिल्या तर ते आवार शाळेच्या मुलांसाठी इतिहासाचा चांगला तास होईल.

गोवा : आफोंसो द आल्बुकर्क याने १५१० मध्ये विजापूरकरांकडून गोवा जिंकला आणि शहरातील मुसलमानांची कत्तल केली. पणजीत त्याच्या नावाचा चौक होता आणि जुन्या गोव्यातून आणलेल्या खांबांवर उभारलेल्या मंडपात त्याचे स्मारक होते. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. नंतर आल्बुकर्कचा ब्राँझ पुतळा जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात गेला, चौक आझाद मैदान झाला आणि त्याच मंडपात गोव्याच्या राष्ट्रवादाचे जनक मानले जाणारे डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांचे स्मारक आले. मंडप न पाडता त्यातला मानकरी बदलणे हा गोव्याचा मार्ग. कवी आणि शिपाई लुईश द कामोंइश याचा पुतळा पोर्तुगीजांनी जाता जाता, १९६० साली, जुन्या गोव्यात उभारला होता; त्याच्याविरुद्ध आंदोलने झाली आणि तोही शेवटी त्याच संग्रहालयात विसावला. मांडवीकाठच्या व्हाइसरॉयच्या कमानीवरचा वास्को द गामा मात्र तसाच आहे.

अन्यत्र : मद्रासला जनरल नीलच्या पुतळ्याविरुद्ध १९२७ मध्ये सत्याग्रह झाला. १८५७ मध्ये अलाहाबाद-कानपूर भागात त्याने केलेल्या सरसकट फाशींचा राग त्यामागे होता. १९३७ मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने पुतळा संग्रहालयात नेला. इंग्रज सत्तेवर असतानाच एका इंग्रज सेनानीचा पुतळा कायदेशीर मार्गाने खाली उतरला, म्हणून हे प्रकरण महत्त्वाचे. दिल्लीच्या काश्मीर दरवाजाबाहेरचा इंग्रज सेनानी निकल्सनचा पुतळा स्वातंत्र्यानंतर उत्तर आयर्लंडमधील डंगॅननच्या त्याच्या शाळेत पाठवला गेला. खानदेशात भिल्ल पलटण उभारून नाव कमावलेल्या औट्रमचा कलकत्त्यातील अश्वारूढ पुतळा व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. परदेशात ब्रिस्टलला गुलामांचा व्यापारी कोल्स्टन ७ जून २०२० रोजी जमावाने बंदरात ढकलला. अमेरिकेत शार्लट्सव्हिलचा, यादवी युद्धातील जनरल ली जुलै २०२१ मध्ये काढला आणि २०२३ मध्ये वितळवला. लंडनच्या ट्राफल्गार चौकात हॅवलॉक आणि सिंध जिंकणारा नेपियर मात्र कायम आहेत. हे सेनापती कोण हेच लोकांना ठाऊक नाही, तेव्हा ते हलवावेत, असे लंडनचे महापौर केन लिव्हिंग्स्टन २००० साली म्हणाले होते.

एकच स्मारक, दोन अर्थ : भीमा कोरेगावचा जयस्तंभ पुतळा नव्हे, पण त्याला वगळून ही चर्चा पुरी होत नाही. १ जानेवारी १८१८ च्या लढाईतील आपल्या सैनिकांसाठी कंपनी सरकारने तो उभारला. पेशवाईच्या बाजूने पाहणाऱ्याला ती परक्यांची खूण वाटते. स्तंभावर महार सैनिकांची नावे कोरलेली आहेत, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे आले तेव्हापासून दलित समाजासाठी ते मानवंदनेचे ठिकाण झाले. बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत झाला. वडील रामजी सुभेदार तिथल्या लष्करी शाळेत होते. ज्या सैन्याने माळवा जिंकला त्याच सैन्याने एका वंचित समाजाला हाती शस्त्र, पगार आणि शाळा दिली. तेव्हा वसाहतकालीन लष्करी खूण दिसली की ती पुसा, असा सरसकट नियम निदान महाराष्ट्रात तरी चालणारा नाही.

आपले सेनानी : कोश लिहिताना ही बाजू टाळता येत नाही. यशवंतराव होळकर इंदूरकरांना इंग्रजांशी झुंजलेला वीर म्हणून प्रिय आहे, आणि ते खरेही आहे. पण २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांचा पराभव करून त्याने पुणे घेतले; त्यानंतरच्या लुटीची आठवण पुण्याच्या जुन्या घराण्यांनी दीर्घकाळ जपली. नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांच्या बंगालवरील स्वाऱ्या मराठी बखरीत पराक्रम ठरतात. बंगालमध्ये मुलांना झोपवताना बर्गींची, म्हणजे याच मराठी स्वारांची, भीती घालत. इंदूरला शोभणारा पुतळा पुण्याला खुपू शकतो आणि नागपूरचा कलकत्त्याला. परक्यांच्या पुतळ्यांना लावायचे माप घरच्यांनाही लावावे लागते.

कायदा आणि कार्यपद्धती : सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी राज्यांना सार्वजनिक रस्त्यांवर व रहदारीला अडथळा होईल अशा जागी पुतळ्यांना परवानगी देण्यास मनाई केली. महाराष्ट्रात नवा पुतळा बसवायचा तर मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते. शंभर वर्षांपुढचे शिल्प १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. उभारणीची वाट अशी कागदोपत्री आखलेली आहे. उतरवण्याची वाट तितकी आखलेली नाही, आणि भांडणे तिथेच होतात.

पुण्याच्या लाल महालातील प्रकरण याचा दाखला. सोन्याच्या नांगराने जमीन नांगरणारे बाल शिवाजी, जिजाऊ आणि दादोजी कोंडदेव असे तिथले समूहशिल्प होते. दादोजी हे कोंडाण्याचे सुभेदार आणि शहाजीराजांच्या पुणे जहागिरीचे कारभारी. रणांगणावरचे सेनानी नव्हेत. पण शिवाजी महाराजांचे गुरू म्हणून त्यांना दिलेल्या स्थानावर आक्षेप होता. जेम्स लेन यांच्या २००३ च्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून वाद उठला, त्यानंतर तो तीव्र झाला. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेत पुतळा हलवण्याचा ठराव झाला आणि २७ डिसेंबर २०१० च्या पहाटे पोलिस बंदोबस्तात दादोजींचा पुतळा समूहातून वेगळा करून काढण्यात आला. ठराव होता, बहुमत होते. तरी वेळ अंधाराची निवडली, आणि पुढे कित्येक दिवस चर्चा दादोजींच्या इतिहासाची न होता त्या पहाटेची झाली. मद्रासला दहा वर्षे लागली, पण निर्णय उजेडात झाला आणि टिकला. पुतळा हलवायचा असेल तर कारण लेखी द्यावे, नवी जागा आधी जाहीर करावी आणि काम दिवसाढवळ्या करावे. एवढे पाळणे नगरपालिकेच्याही आवाक्यातले आहे. पुण्यातून दादोजींचा पुतळा गेला, राज्याच्या क्रीडा मार्गदर्शक पुरस्काराचे त्यांचे नावही बदलले. ठाण्याच्या क्रीडाप्रेक्षागृहाला मात्र ते कायम आहे.