धिरड्याची बखर

पाहुणे यायचे असले की घरात पुरण शिजते आणि पाहुणे गाडीत बसले की धिरड्याचे पीठ कालवले जाते, हा मराठी घराचा जुना रिवाज आहे. पुरणपोळीवर, मोदकावर पुष्कळांनी लिहिले. मांड्यांचे भाग्य तर एवढे थोर की, ते भाजायला ज्ञानेश्वरांची पाठ पुढे आल्याची कथा झाली. धिरड्याला मात्र चरित्रकार मिळाला नाही. दिवाळीच्या अंकात, चकल्या-कडबोळ्यांच्या ऐन हंगामात, मी हा विषय काढते आहे त्याला कारण आहे. चार दिवस तळणीचे खाऊन पाचव्या दिवशी घरोघर एकच फर्माईश होते, "आज काहीतरी साधे कर गं!" त्या साध्याची ही बखर.

आधी कुळ नक्की करू. थापून होते ते थालीपीठ, लाटून होते ती पोळी आणि ओतून होते ते धिरडे. या ओतणाऱ्या घराण्याच्या शाखा पुष्कळ. कोकणात तांदळाच्या पातळ पिठाचे घावन, आंबवलेल्या पिठाची आंबोळी, आणि नारळाच्या गुळचट रसात बुडवून खायची खापरोळी. घाटावर डाळीच्या पिठाचे तिखट धिरडे आणि कणकेचे, गूळ घातलेले गोड धिरडे. मोल्सवर्थसाहेबाच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. तीत धिरडे आहे आणि आंबोळीही आहे. म्हणजे कोशात जागा मिळाली. अडले ते पुढेच.

गोड शाखेचा मूळपुरुष पुष्कळजण वेदकाळात नेऊन बसवतात. ऋग्वेदात 'अपूप' येतो, तुपाशी त्याची संगत येते आणि तो बहुधा जवाच्या पिठाचा असावा. उत्तरेकडचा पुआ आणि मालपुआ हे त्या नावाचेच वंशज. आपल्याकडे अधिक महिन्यात तेहतीस अपूपांचे दान सांगितले आहे आणि आपण त्या जागी जावयाच्या ताटात तेहतीस अनारसे ठेवतो. अपूपाचे नाव गेले, संख्या राहिली. जावईही राहिला!

तिखट शाखेचा पुरावा याहून पक्का आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या लातूरच्या सीमेपासून हाकेच्या अंतरावर. राजाने काय काय भोगावे याची त्यात यादी आहे. हत्ती आहेत, कुस्ती आहे, गाणे आहे आणि अर्थात जेवणही आहे. या अन्नभोगाच्या प्रकरणात 'धोसक' नावाचा पदार्थ येतो. नाव ऐकताच हॉटेलातला डोसा डोळ्यांपुढे उभा राहील, पण सोमेश्वराच्या धोसकात तांदूळ नाही. डाळी भिजवायच्या, वाटायच्या, वाटणात मसाला कालवायचा आणि तापल्या तव्यावर ते घालायचे, असा तो प्रकार. माझे मत विचाराल तर हे वर्णन डोशापेक्षा आपल्या डाळीच्या धिरड्याशी अधिक जुळते. उडुपी आणि मद्रास यांचे डोशाच्या जन्मस्थानावरून जे भांडण चालते, त्यात कडेला उभे राहून आपणही हळूच हात वर करायला हरकत नाही.

या ग्रंथात आणखी एक गोष्ट आहे आणि मला ती धोसकापेक्षाही मोलाची वाटते. गाण्याच्या प्रकरणात राजा सांगतो की, महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. सरळ, साधी नोंद. पण जरा थांबून पाहा. एका प्रकरणात राजाच्या ताटातला पदार्थ आहे, दुसऱ्या प्रकरणात कांडणाऱ्या बायकांचे गाणे आहे, आणि दोहोंच्या मध्ये जी बाई मुसळ खाली ठेवून पाट्याकडे आणि पाट्याकडून चुलीकडे जात असेल, ती ग्रंथात कुठेच नाही. आपल्या स्वयंपाकाचा सगळा इतिहास हा असा आहे. खाणाऱ्याने लिहिलेला.

असो. पुढे जाऊ.

वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला आणि १५१० साली पोर्तुगीजांनी गोवे घेतले. त्यांच्या गलबतांतून अमेरिकेच्या भाज्या आपल्याकडे आल्या. आज आपण धिरड्यात जे जे घालतो त्यातले केवढे तरी परके आहे! मिरची अमेरिकेची. तिला आपण नावसुद्धा आपल्या मिऱ्यावरून दिले, कारण तोवर तिखट म्हणजे मुख्यतः मिरे आणि आले यांसारख्याच जिनसा ठाऊक. टोमॅटो अमेरिकेचा, मका अमेरिकेचा, लाल भोपळाही मुळात तिकडचाच. बटाटा तर नावासकट आला, आणि कोबी हे नावदेखील पोर्तुगीजांकडूनच घेतलेले. उपासाच्या थालीपिठाची तर गंमतच आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो, बटाटा, शेंगदाणा आणि मिरची, चारी पाहुणे अमेरिकेचे. ज्या ऋषींनी एकादशी सांगितली त्यांनी यातले एकही पाहिले नव्हते. काकडी मात्र अस्सल आपली आहे, मेथीही जुनी. तेव्हा आईच्या हातचे काकडीचे धिरडे खाताना, मिरची वगळली तर, आपण फार जुन्या पंगतीला बसलेलो असतो.

या काकडीच्या धिरड्याचे एक मर्म आहे. काकडी किसून तिला मीठ लावले की दहा मिनिटांत ती इतके पाणी सोडते की, वरून थेंबही घालावा लागत नाही. नवशिक्या मुली आधी पाणी ओततात आणि मग पीठ वाढवत बसतात. दोघांचे धिरडे दहा जणांचे होते. घावनाचे तंत्र अगदी उलटे. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून पीठ ताकाहून थोडेच दाट ठेवायचे आणि दर घावनाला तळापासून ढवळायचे. न ढवळाल तर पहिले कागदासारखे आणि शेवटचे भाकरीसारखे होते. तवा चांगला तापलेला हवा, तरच पाण्याची वाफ उसळून जाळी पडते. आंबोळीची जाळी निराळी. तिच्या नावातच आंबणे आहे. तांदळात उडदाची डाळ नि थोडी मेथी भिजवून वाटली की हवेतले आणि डाळीवरचे सूक्ष्म जीव रात्रभर राबतात, त्यांनी सोडलेला वायू पिठात अडकतो, आणि सकाळी पातेल्याचे झाकण वर उचललेले दिसते. कोकणात ती काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खातात, आणि गौरीच्या सणाला घावन-घाटले होते. एका घराण्यातल्या दोन बहिणी, एक उसळीच्या घरी दिलेली, दुसरी देवीच्या नैवेद्याला.

गोड आणि तिखट अशी दोन्ही धिरडी करायची असली तर तिखट आधी. गूळ तव्यावर जळतो, त्याचा चिकट थर बसतो आणि पुढची चार धिरडी फाटतात. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातही अशीच जोडी आहे. तिथे खारे धिरडे कुट्टूच्या पिठाचे आणि गोड धिरडे गव्हाचे. आपल्याकडे नागपंचमीला तवाच चुलीवर चढत नाही, त्या दिवशी दिंडे उकडतात. वर्षातून एक दिवस तव्याला सुट्टी. तव्यापुढे उभ्या राहणारीला तीही नाही, ती उकडत असते.

छापील पुस्तकांत शोधू गेले तर मराठीत 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले आणि कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही मापे घरोघर नेली, हे तिचे मोठेच उपकार. त्याआधी माप म्हणजे हात. माझ्या आत्याच्या वहीत धिरड्यापुढे एवढेच लिहिले आहे: पीठ, मावेल तेवढे पाणी, बाकी नेहमीचे. हे 'नेहमीचे' काय होते ते सांगायला आत्या आता नाही. तिच्या धिरड्यात ओव्याखेरीज आणखी कसलासा वास असे. मी धने घालून पाहिले, तीळ घालून पाहिले, बडीशेप घालून पाहिली. तो नाही.

धिरड्याने खरी चाकरी बजावली ती टंचाईत. मुंबईत १९४३ साली धान्याचे रेशनिंग सुरू झाले. पुढे १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा गहू येऊ लागला आणि त्याच्यामागून मिलो नावाची तांबडी ज्वारीही आली. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी ती खाल्ली त्यांना आजही तिचे नाव काढलेले आवडत नाही. तिची भाकरी थापताना कडा फाटत, आणि उचलावी तर हातात निम्मी येई. आमच्या आईने दोन दिवस परातीशी झुंज दिली आणि तिसऱ्या दिवशी त्याच पिठात मूठभर बेसन, कांदा आणि परसातला शेवग्याचा पाला घालून सरळ तव्यावर ओतले. मुले गप्प बसून जेवली. थापायचे धान्य नसले की ओतायचे, हे ज्ञान तिला कुठल्या पुस्तकाने दिले नव्हते. त्या वर्षी आमच्या आळीत घरोघर धिरडीच झाली, पण कोणी कोणाला सांगितले नाही. भाकरी होत नाही हे सांगायची लाज वाटे.

आणखी एक गोष्ट या पदार्थाच्या स्वभावातच आहे. पोळ्या करून ठेवता येतात, भात झाकून ठेवता येतो. धिरडे तव्यावरून थेट पानात पडले पाहिजे. म्हणून ज्या दिवशी धिरडी, त्या दिवशी करणारी पंगतीत नाही. पाच माणसे, प्रत्येकी तीन, एकेकाला चार मिनिटे, म्हणजे तासभर ती तव्यासमोर. बाहेरून "आणखी एक येऊ दे, जरा कुरकुरीत" अशी आरोळी. शेवटी उरलेल्या पिठात पाणी घालून ती आपले दोन ओतते, तोवर जाळ मंदावलेला असतो. कितीतरी वर्षे माझी समजूत होती की, आईला पांढरट, मऊ धिरडेच आवडते.

आता गॅसला दोन शेगड्या आहेत, दोन तवे ठेवता येतात, वाटायला यंत्र आहे. न चिकटणारे तवे आले, त्यांवर पीठ फाटत नाही, पण त्यांना फार तापवून चालत नाही, आणि न तापता जाळी कुठून पडणार? परवा मी माळ्यावरचा आईचा बिडाचा तवा काढला. गंजला होता. राखेने घासला, तेल चोळले, मंद आचेवर धुराळेपर्यंत ठेवला, पुसून पुन्हा तेल. असे चारदा. नारळाच्या शेंडीने तेल फिरवून पहिले धिरडे घातले, ते खरवडून काढावे लागले. दुसरे निम्मे आले. तिसऱ्याच्या कडा आपसूक सुटू लागल्या, तेव्हा मी आत हाक मारली नाही. तव्याशीच उभी राहून, बोटे पोळत, ते एकटीने खाल्ले.