रुक्मिणीच्या माहेरची गाणी

भागवताच्या दशम स्कंधात रुक्मिणीहरणाला तीन अध्याय दिले आहेत. तिचे पत्र, ते घेऊन जाणारा ब्राह्मण, अंबिकेचे देऊळ, रथ, रुक्मीची विटंबना, सारे तपशिलाने येते; द्वारकेतले लग्न मात्र शेवटी थोड्या श्लोकांत उरकते. मराठीने नेमकी हीच जागा हेरली. रुक्मिणी विदर्भाची, कौंडिण्यपूरची. म्हणजे आपल्या घरची मुलगी. मुलीचे लग्न असे घाईने आटोपलेले कोणत्या माहेराला खपेल?

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऋद्धपूरला गोविंदप्रभूंनी लग्नाचा हट्ट घेतला. भक्तांनी तो लटका सोहळा मांडला, आणि गाणी म्हणण्याचे काम महदंबेकडे आले. तिने गायिले ते कृष्ण-रुक्मिणीचेच लग्न. धवळे म्हणजे वराला उद्देशून म्हणावयाची लग्नगीते. मराठीची ही आद्य कवयित्री बालविधवा होती, असे परंपरा सांगते. जिला मांडवात पुढे येण्याची सोय नाही, तिच्या तोंडून भाषेची आद्य लग्नगाणी यावीत! यापुढे मला नंतरच्या पंडिती आख्यानांचा डौल फिका वाटतो.

तो डौल काही थोडाथोडका नाही. नरेंद्राचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ 1292 चे. रामदेवराव यादवाने ते आपल्या नावावर करून मागितले आणि कवीने नाकारले, ही कथा प्रसिद्धच आहे. एकनाथांनी 1571 मध्ये काशीला बसून आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरे केले. त्यांनी देवाच्या लग्नाला मराठी घरच्या चालीरीती लावल्या, आणि वर सारी कथा जीव-शिवाच्या ऐक्याचे रूपक करून टाकली. उपवर मुलीने त्याचे पारायण करावे ही चाल कितीतरी घरांत अजून आहे. वेदान्ताचा ग्रंथ स्थळ जुळावे म्हणून वाचला जातो, याचे नाथांना वाईट वाटले नसते.

पण ‘धवळे’ हा शब्द पोथीत राहिला नाही. नवी मुंबईत आणि उरण-पनवेलच्या बाजूला आगरी समाजात लग्नाची गाणी म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, आणि तिची गाणी ते धवले. पूर्वी कितीतरी लग्ने भटजीवाचून तिच्याच गाण्यावर लागत. मांडवाचे गाणे वेगळे, हळदीचे वेगळे. महदंबेपासून तिच्यापर्यंत वंशावळ जोडण्याचा माझा आग्रह नाही. शब्द एक, प्रसंग एक आणि गाणारी बाईच, एवढे मला पुरते. तिचे देव लग्नाचे आवतण घेऊन येतात ते पूजेला नव्हे, पाहुणे म्हणून. ‘हे कोणत्या पुराणात आहे?’ असे विचारणाऱ्या विद्वानाला या मांडवात बसायला पाट मिळायचा नाही, आणि तेच बरे.

1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. भावासाठी आणि हक्कासाठी जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात शेतकरी उठले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. भातखाचरे गेली, मिठागरे गेली. गावठाणे इमारतींच्या गराड्यात उरली. लग्ने सभागृहात गेली, आणि हळदीच्या रात्री ध्वनिवर्धकापुढे एकट्या बाईचा गळा कितीसा पुरणार?

अशाच एका हळदीला, ध्वनिवर्धक सुरू होण्याआधीच्या तासाभरात, मी धवले ऐकले. म्हातारीजवळ वही नव्हती. देवांची नावे घेता घेता ती मध्येच थांबली, नवरीच्या आत्याचे नाव शेजारणीला विचारून घेतले, आणि देवांच्याच ओळीत ते बसवून पुढे म्हणू लागली.