कागदाची साक्ष

तारापूरच्या शेजारीं चिंचणी गांवीं १९५५ सालीं कांहीं ताम्रपट सांपडले. त्यांतील एक शके ८४८चा, म्हणजे इ. स. ९२६चा आहे. दानाची नोंद तांब्यावर कोरण्याचा हेतु हाच, कीं ती टिकावी आणि तींत कोणास सहजीं फेरफार करतां येऊं नये. पुढें कागद आला. लिहिणारांची सोय झाली, तशी लबाडीलाही वाट मिळाली. ती अडविण्याच्या युक्त्या मराठी दफ्तरांत जागोजाग दिसतात. शिवकालीन पत्राचा मजकूर संपतांच ‘मर्यादेयं विराजते’ असा शिक्का उमटे. त्यापुढें अक्षर वाढविलें, तर तें उघडें पडे. रोख्यांत ‘रुपये १००, निमे ५०’ असें लिहीत. मग एक शून्य वाढवून कर्ज दसपट करणें सोपें राहत नसे.

इंग्रजी अमदानींत कोर्टें झालीं आणि रोख्याचा दरारा वाढला. १८७५ सालीं सुपें व भोंवतालच्या गांवीं कुणब्यांनीं दंगा केला, तेव्हां त्यांनीं सावकारांचे रोखे हुडकून जाळले. तेव्हां कागद खोटा ठरविण्याचें साधन गरिबाच्या हातीं दुसरें नव्हतें.

तें साधन हळूहळू तयार झालें. १९०४ सालीं बंगाल सरकारनें हार्डलेस यांस हस्ताक्षरतज्ज्ञ नेमलें. १९०६ सालीं ती कचेरी सिमल्यास गेली. १९१० सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ वुड यांनीं डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांनीं घेतलेलीं छायाचित्रें प्रसिद्ध केलीं, आणि पुढें तीच विद्या दस्तऐवजांच्या तपासणीस लागू पडली.

तिची रीत मोठी मनोरंजक आहे. कागदावर एका बाजूनें तिरपा उजेड टाकला, कीं खरवडलेल्या जागेचे तंतू आपली सावली पाडतात. आम्ल लावून पुसलेल्या लोहयुक्त शाईचा अंश कागदांत मुरलेला असतो. जांभळ्यापलीकडील किरणांत कागद चमकतो, आणि पुसलेलें अक्षर त्यावर काळसर उमटतें. तांबड्यापलीकडील किरणांत याहून नवल. काजळीची जुनी शाई तेथें काळीच राहते. कारखान्यांतील रंगाची शाई बहुधा दिसेनाशी होते. जुन्या आंकड्यास नव्या शाईनें कोणी शेंपूट जोडलें असेल, तर छायाचित्रांत तें शेंपूट गळून पडतें!

परंतु या साक्षीलाही मर्यादा आहे. २०१४ सालीं ज्याचा स्वतंत्र जिल्हा झाला, तो पालघर पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत मोडे. त्याच ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत कर्ज आणि वेठ यांखालीं दबलेले वारली १९४५ सालीं उठले. ज्यास अक्षरओळख नाहीं, त्याचा आंगठा कोऱ्या कागदावर घेऊन वरचा मजकूर सवडीनें भरला, तर तेथें खोडाखोड नसते. शाई एक, हात एक. रेघ ठशावरून गेली कीं ठशाखालून, एवढें भिंग कधीं कधीं सांगेल. पण जेथें अक्षर ठशास शिवलेंच नाहीं, तेथें भिंगही मुकें होतें. आंगठा उठवितांना त्या माणसास काय वाचून दाखविलें, हें कोणत्याही किरणांत उमटत नाहीं. कागदाचा खोटेपणा कॅमेरा पकडील. माणसाचा पकडण्यास सहीपूर्वीं वाचतां आलें पाहिजे.