परीक्षकांची परीक्षा

नाशिक शहरातून गंगापूर रस्त्याने पश्चिमेस निघाले म्हणजे शहराची दाटी हळूहळू मागे पडते आणि धरणाच्या बाजूस द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. याच रस्त्याच्या शहराकडील भागात रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या पाट्या दुतर्फा लागलेल्या आहेत. त्यांतील काहींवर ‘अधिस्वीकृत’ असा शब्द असतो. पाटी वाचणाऱ्यांपैकी फारच थोडे जण तिचा अर्थ विचारतात. वस्तुतः द्राक्षाचा मांडव आणि ही पाटी यांचा फार जवळचा संबंध आहे. आणि तो कसा जुळून आला, हा इतिहास ऐकण्याजोगा आहे.

माल खरा की खोटा हे सांगणारा पारखी आपल्याकडे नवा नव्हे. गावगाड्यात पोतदाराचे वतन असे, आणि हाती आलेले नाणे पारखून देणे हे त्याचे काम होते. आमच्या जिल्ह्यात चांदवडला टांकसाळ होती. चांदवडी रुपया, शिवाय ठिकठिकाणच्या टांकसाळींचे दुसरे रुपये, सारेच बाजारात एकदम फिरत. प्रत्येकाचा कस निराळा आणि म्हणून प्रत्येकावर बट्टाही निराळा. सराफाने कसोटीवर रेघ ओढून जो बट्टा सांगितला तो कुणब्याने मुकाट्याने द्यायचा. सराफाची नजर बरोबर आहे की नाही, हे पाहण्याचे साधन त्या बिचाऱ्याजवळ काय होते? दुसऱ्या सराफाकडे जाणे, एवढेच. दोघांनी दोन बट्टे सांगितले, तर त्यांत खरा कोण, हा प्रश्न शिल्लकच राही.

विलायतेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला. लंडनच्या टांकसाळीतील नाणी मधून मधून काढून एका पेटीत ठेवायची आणि टांकसाळीशी संबंध नसलेल्या सोनारांच्या पंचमंडळाने ती वितळवून, तोलून तपासायची, हा प्रघात १२८२ पासून विधिपूर्वक चालत आला असून आजही तो पाळला जातो. ताडून पाहण्यासाठी सरकारी नमुन्याचा एक पत्रा असे. १७१० मध्ये मोठा चमत्कारिक प्रसंग घडला. टांकसाळीचा प्रमुख होता सर आयझॅक न्यूटन. पंचांनी सांगितले की, त्याची सोन्याची नाणी नमुन्यापेक्षा किंचित हिणकस आहेत. न्यूटनने ते मानले नाही. त्याचे म्हणणे असे की, नाणी ठीक आहेत. १७०७ साली केलेला नमुन्याचा पत्राच ठरल्यापेक्षा अधिक शुद्ध निघाला आहे. पुढे तो पत्रा बाजूला ठेवावा लागला. तपासणाऱ्याचे माप तपासणारे माप तरी बरोबर कशावरून, ही शंका त्या दिवशी जी उभी राहिली, तिने शास्त्रज्ञांची पाठ आजवर सोडलेली नाही.

यानंतर मी दोन शतकांहून अधिक काळ ओलांडून एकदम १९४७ वर येतो. आपल्या देशाला हे वर्ष निराळ्या कारणाने स्मरते. परंतु प्रयोगशाळांच्या इतिहासातही ते मोलाचे आहे. त्या साली ऑस्ट्रेलियात प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था निघाली. अशा प्रकारची ती जगातील पहिली समजतात. त्याच साली अमेरिकेत बेल्क व संडरमन या दोन वैद्यकशास्त्रज्ञांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हानिया प्रांतातील ५९ रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना त्यांनी एकाच द्रावणाचे नमुने पाठविले होते आणि साखर, क्षार वगैरेंचे प्रमाण मोजून मागितले होते. उत्तरे आली ती पाहून वैद्यकमंडळींना घाम फुटला असावा, कारण समाधानकारक उत्तरांपेक्षा असमाधानकारक उत्तरेच जास्त भरली. या सगळ्या प्रयोगशाळा रोज रोग्यांची रक्ते तपासत होत्या आणि त्यांच्या आकड्यांवर विसंबून औषधे दिली जात होती. यंत्रे होती, पुस्तके होती, पदवीधर माणसेही होती. नव्हती ती एकच गोष्ट: आपले उत्तर शेजाऱ्याच्या उत्तराशी पडताळण्याची सोय.

एकच नमुना अनेकांना देऊन उत्तरे ताडणे, याला आज प्राविण्य-चाचणी म्हणतात. आम्हा शिक्षकांना ही कल्पना समजायला जड नाही. शालान्त परीक्षेचा एकच निबंध चार परीक्षकांपुढे ठेवला तर चार प्रकारचे गुण पडतात, म्हणूनच तर परीक्षकांच्या वर नियामक नेमावा लागतो. फरक इतकाच की, निबंधाचे खरे गुण किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. द्रावणातील साखरेचे मात्र खरे उत्तर असते.

आपल्याकडे प्रयोगशाळांच्या अधिस्वीकृतीचे राष्ट्रीय मंडळ १९८८ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याच्या आश्रयाने सुरू झाले. २००० साली ते परस्परमान्यतेच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाले, म्हणजे येथील दाखला परदेशी मानला जाण्याचा मार्ग मोकळा झाला. मंडळाचे तपासनीस प्रयोगशाळेत जाऊन वह्या, यंत्रे, माणसांचे शिक्षण, तराजूंचे अंशशोधन हे सारे पाहतात. परंतु एवढ्याने काम भागत नाही. स्वयंपाकघर स्वच्छ असले म्हणून आमटी चवदार होतेच असे नाही. ती चाखावी लागते. ही चव घेण्याचे काम प्राविण्य-चाचणी करते, आणि म्हणूनच मान्यता मिळविताना व पुढे ती टिकविताना प्रयोगशाळेला या चाचण्यांत भाग घ्यावाच लागतो.

आता द्राक्षांकडे वळू. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतील द्राक्षे युरोपात जाऊ लागली, तेव्हा गोडी आणि मण्याचा आकार एवढ्याचीच काळजी असे. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल व ॲसिफेट या कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेबाहेर आढळले आणि साऱ्या युरोपास धोक्याची सूचना गेली. तेव्हापासून अवशेष-नियंत्रणाची योजना सुरू झाली. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात निर्णायक प्रयोगशाळा निघाली. निर्यातीच्या बागांची नोंदणी, काढणीपूर्वी प्रत्येक नोंदलेल्या बागेतून प्रयोगशाळेच्या माणसांनीच नमुना घेणे, आणि २००६ पासून पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येईल अशी संगणकावरची व्यवस्था, हे सर्व क्रमाने आले. नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळा अधिस्वीकृत हव्यात, आणि निर्णायक प्रयोगशाळेने घेतलेल्या प्राविण्य-चाचणीस त्यांनी उतरले पाहिजे, असा दंडक पडला.

ही चाचणी चालते कशी? द्राक्षांचा लगदा करून त्यात ठरावीक औषधे ठरावीक प्रमाणात मिसळतात. लगदा सर्वत्र सारखा झाला की नाही हे पाहण्यासाठी त्यातील काही बाटल्या आधी तपासून घेतात. नाही तर दोष लगद्याचा आणि शिक्षा प्रयोगशाळेला, म्हणजे पुन्हा तो न्यूटनचा पत्राच! मग गोठविलेल्या बाटल्या निरनिराळ्या प्रयोगशाळांकडे जातात. आत कोणती औषधे आहेत आणि किती, हे त्यांना सांगत नाहीत. ठरल्या मुदतीत आकडे परत यायचे.

मोजायचे प्रमाण किती सूक्ष्म असते, याची कल्पना यावी म्हणून सांगतो. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. इतक्या अल्प वस्तूच्या मोजणीत सर्वांचे उत्तर तंतोतंत जुळावे ही अपेक्षाच व्यर्थ. विल्यम हॉर्विट्झ या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने हजारो उत्तरे जमवून १९८० मध्ये दाखविले की, वस्तूचे प्रमाण शंभरपट घटले की निरनिराळ्या प्रयोगशाळांच्या उत्तरांतील फरक दुपटीने वाढतो. त्याच्या सूत्राने वरील प्रमाणास शेकडा २५ च्या आसपास विचलन गृहीत धरावे लागते. तेव्हा खरे उत्तर ०.०५ असेल, तर मोजपट्टीचे एक घर ०.०१२५ चे झाले. एखाद्या प्रयोगशाळेने ०.०६२ सांगितले तर ती एका घराच्या आतच आहे, उत्तम. दोन घरांपर्यंत समाधान मानतात. ०.०८ सांगितले तर अंतर २.४ घरे, म्हणजे शंकास्पद. आणि ०.०१२ सांगितले तर तीन घरांच्याही खाली. ते उत्तर नापास, आणि कारण शोधून ते दुरुस्त करणे भाग.

या घरांत बागाईतदाराचे वर्ष अडकलेले असते. प्रयोगशाळेने जास्त सांगितले तर निर्दोष बाग निर्यातीतून बाद होते आणि तोच माल पडेल भावाने देशी बाजारात घालावा लागतो. कमी सांगितले तर माल समुद्र ओलांडतो आणि तेथील बंदरात अडतो. मग एका बागेचाच नव्हे, तर साऱ्या देशाच्या मालाचा बट्टा वाढतो.

तथापि या चाचणीची मर्यादा २०१० च्या हंगामाने फार महागात शिकविली. क्लोरमेक्वाट क्लोराईड, ज्याला आमच्याकडे सगळे ‘सीसीसी’ म्हणतात, ते कीटकनाशक नव्हे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून घड धरावेत म्हणून फवारायचे ते औषध. द्राक्षे निघायची त्यानंतर दहा-अकरा महिन्यांनी, त्यामुळे त्याचा अंश फळात उतरत असेल अशी शंका कोणास आली नाही. पण ते लाकडात मुरून राहते. तपासावयाच्या औषधांच्या यादीत त्याचे नाव नव्हते. शिवाय ते पाण्याला असे चिकटून असते की, एकाच खेपेस अनेक औषधे शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागतच नाही. आपल्या प्रयोगशाळांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे बरोबर दिली. युरोपातील प्रयोगशाळांनी न विचारलेला प्रश्न विचारला. ०.०५ ची मर्यादा ओलांडलेला माल तेथे नाकारला गेला, बागाईतदार आणि निर्यातदार कोट्यवधी रुपयांना बुडाले. कित्येकांना आपण काय गुन्हा केला हेच कळेना, आणि माझ्या मते त्यांची तक्रार रास्त होती. ज्यांनी यादी केली त्यांनी खरड छाटणीच्या दिवसांत बागेत एक फेरी मारली असती तर बरे झाले असते.

आणखी एक खोड आहे, ती शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाही. शाळा तपासणीच्या दिवशी फळा पुसलेला, नकाशे टांगलेले आणि हुशार मुले पहिल्या बाकावर! प्रयोगशाळेतही चाचणीची बाटली आली की ती सर्वांत अनुभवी माणसाच्या हाती द्यावी, दोनऐवजी चार वेळा तपासावी, दूरध्वनीवरून दुसऱ्या प्रयोगशाळेला “तुमचे किती आले?” असे विचारावे, हा मोह मनुष्यस्वभावाला धरूनच आहे. नियम असा आहे की, चाचणीचा नमुना रोजच्या नमुन्यासारखाच हाताळावा आणि उत्तरांची देवघेव करू नये. यावरचा अधिक कडक उपाय म्हणजे चाचणीचा नमुना एखाद्या साध्या गिऱ्हाइकाच्या नावाने, न कळवता पाठविणे. त्याला खर्च आणि खटपट फार, म्हणून तो क्वचितच योजिला जातो.

२०१० नंतर सीसीसीचे नाव यादीत आले आणि ते शोधण्याची स्वतंत्र पद्धत प्रयोगशाळांना आत्मसात करावी लागली. युरोप आपल्या मर्यादा अधूनमधून बदलतो, तशी यादीही बदलते. एप्रिल महिन्यात गंगापूरच्या बाजूस खरड छाटणी चालू असते, तेव्हा पुढल्या हंगामाच्या द्राक्षांत कोणता प्रश्न विचारला जाणार आहे, हे कात्री चालविणाऱ्याने आधी विचारून घेतलेले बरे. तशी विचारपूस आता पुष्कळ बागाईतदार करू लागले आहेत.